अपघाताच्या जागेचा कारभारी

रेल्वे अपघातात पहिला तास मोलाचा. त्या तासात हुकूम कोणी द्यायचा आणि कसा द्यायचा, हे शिकावे लागते. रुळांशेजारच्या गावांनीही त्यातले थोडे शिकून ठेवले, तर चार जीव अधिक वाचतील.

रुळांच्या कडेला ज्यांची शेते आहेत, त्यांना घड्याळाची फारशी गरज भासत नाही. सकाळची पॅसेंजर गेली की न्याहारी, दुपारची एक्सप्रेस गेली की बैल सोडायचे, असा त्यांचा दिवस गाडीच्या शिट्टीवर चालतो. गाडी आपली नसते, तिच्यातली माणसेही आपली नसतात. पण तिचा आवाज घरच्यासारखा ओळखीचा होऊन जातो. आणि एखाद्या रात्री त्या ओळखीच्या आवाजाऐवजी कानठळ्या बसवणारा आवाज आला, तर सगळ्यांच्या आधी धावत सुटतो तो रुळांशेजारचा शेतकरीच.

२२ जून २००३ च्या रात्री कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ भर पावसात रुळांवर दगड कोसळले होते. कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीची खास गाडी त्यांवर आदळली. पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. २ जून २०२३ ला संध्याकाळी ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेस भलत्याच रुळावर गेली, उभ्या मालगाडीवर आदळली आणि तिचे घसरलेले डबे शेजारून जाणाऱ्या हावडा गाडीवर पडले. २९० हून अधिक माणसे गेली, हजारावर जखमी झाली. तिथेही आधी पोहोचले ते आसपासच्या गावांतले लोक. त्यांनी हातांनी माणसे बाहेर काढली, मिळेल त्या वाहनाने दवाखान्यात नेली आणि रात्रभर रक्तदानासाठी रांगा लावल्या.

यात नवल काही नाही. स्टेशनाच्या फलाटावर फार थोडे अपघात होतात; बहुतेक होतात ते दोन स्टेशनांच्या मधल्या माळावर, घाटात, पुलाजवळ. रेल्वेची मदत गाडी कितीही तत्पर असली तरी तिला यायला वेळ लागतो. गाव मात्र हाकेच्या अंतरावर असते.

हात पुष्कळ, हुकूम एकाचा

मग अडते कुठे? वाचकहो, हात कमी पडतात म्हणून अडत नाही. दिशा नसते, म्हणून अडते.

कडब्याच्या गंजीला आग लागल्यावर काय होते, ते तुम्ही पाहिले असेल. शंभर माणसे धावतात. बादल्या येतात, ओरडा होतो, दोघे एकाच बाजूला पाणी मारतात आणि वारा दुसऱ्या बाजूने ठिणगी शेजारच्या गोठ्यावर नेतो. तेवढ्यात एखादा जाणता माणूस चार पावले मागे उभा राहून ओरडतो, ‘तुम्ही जनावरे सोडा, तुम्ही मोटर चालू करा, तुम्ही दोघे गोठ्याच्या छपरावर गोणपाटे ओली करून टाका.’ तो स्वतः एक बादलीही उचलत नाही. पण गोठा वाचतो तो त्याच्यामुळे.

रेल्वे अपघाताच्या जागी असाच एक कारभारी लागतो. फरक एवढाच, की तिथे जीव शेकड्याने अडकलेले असतात आणि धोके डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून हा कारभारी अनुभवाने आपोआप तयार होईल, अशी वाट पाहून चालत नाही. देवदयेने मोठे अपघात रोज होत नाहीत. गार्ड, ड्रायव्हर, स्टेशनमास्तर यांतल्या पुष्कळांच्या उभ्या नोकरीत असा प्रसंग एकदाही येत नाही, आणि आला तर पहिलाच असतो. म्हणूनच शिक्षण हवे.

एका हुकुमाखाली काम करण्याच्या या पद्धतीला इतिहास आहे. १९७० साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात जंगलांना प्रचंड आगी लागल्या. विझवायला अनेक दले आली; पण प्रत्येकाचा साहेब वेगळा, बोलण्याचे शब्द वेगळे, वायरलेस वेगळी. त्या गोंधळातून तिथल्या लोकांनी धडा घेतला आणि सर्व दलांनी एका सूत्राखाली काम करण्याची पद्धत बांधली. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली त्याच धर्तीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातले दोन नियम साधे आहेत. एका माणसाला हुकूम देणारा एकच असावा. आणि एका माणसाने साधारण पाच जणांनाच हाताशी धरावे. त्यापेक्षा जास्त झाले की त्या पाचांखाली पुढची माणसे लावावीत. ऊसतोडीच्या टोळीवर मुकादम असतो, तो स्वतः कोयता घेऊन फडात शिरला तर गाडी कुठे लागली आणि कोण मागे पडले हे पाहायला कोणी उरत नाही. तसेच हे आहे.

हा कारभारी कोण?

रेल्वेच्या योजनेत मदतीचे तीन टप्पे धरले आहेत. पहिला टप्पा गाडीतल्याच माणसांचा : ड्रायव्हर, गार्ड (२०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात), तिकीट तपासनीस, रेल्वे पोलिस, डब्यांतले कामगार आणि प्रवाशांत कोणी डॉक्टर असेल तर तो. दुसरा टप्पा जवळपासच्या लोकांचा. म्हणजे तुमचा आमचा. तिसरा टप्पा मदत गाड्या घेऊन येणाऱ्या तयार पथकांचा.

तेव्हा सुरुवातीला कारभार गाडीच्या गार्डकडे असतो. पुढे वरच्या दर्जाचा रेल्वे अधिकारी आला की सूत्रे त्याच्याकडे जातात. मोठ्या अपघातात शेवटी विभागाचा मुख्य अधिकारी, म्हणजे डीआरएम, तिथे उभा राहतो. जिल्हाधिकारी, पोलिस, आरोग्य खाते, अग्निशामक दल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल या सर्वांचे प्रमुख एका ठिकाणी बसून काम करतात. कारभार असा हातोहात बदलतो, म्हणून तो सोपवायचा कसा हेही शिकवले जाते. ‘साहेब, तुम्ही आलात, आता तुम्ही पाहा’ असे म्हणून बाजूला होता येत नाही. काय झाले, किती माणसे कुठे अडकली आहेत, कोणाला कोणते काम दिले आहे, कोणता धोका शिल्लक आहे, हे सांगूनच जागा सोडायची.

आपल्या महाराष्ट्रात या विद्येची परंपरा जुनी आहे. नागपुरात १९५७ साली संकट निवारणाचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था निघाली. पुढे १९६८ पासून ती राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची प्रबोधिनीही नागपुरातच आहे, आणि त्या दलाची एक तुकडी पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ सुदुंबरे इथे असते. गार्ड, स्टेशनमास्तर यांना रेल्वेचे नियम शिकवणारी मध्य रेल्वेची मोठी शाळा भुसावळला आहे. खास रेल्वे अपघातांच्या शिक्षणासाठी बेंगळुरूजवळ हेज्जाळा इथे रेल्वेची स्वतःची संस्था आहे.

पहिला धडा : हात मागे ठेवा

कारभाऱ्याला शिकवण्याची सर्वांत अवघड गोष्ट कोणती? समोर माणूस विव्हळत असताना त्याच्याकडे लगेच न धावणे.

ऐकायला हे निर्दयपणाचे वाटते. पण विचार करा. गाडीला वीस-बावीस डबे. पुढचे चार उलटले आहेत. कारभारी पहिल्याच डब्यातल्या पहिल्या जखमीशी बसून राहिला, तर मागच्या अंधारात काय आहे ते कोणाला कळणार नाही. स्टेशनला नीट निरोप जाणार नाही. शेजारच्या रुळावरून गाडी येत असेल तर ती कोणी थांबवणार नाही. एकाला वाचवताना पन्नास जणांचा घात होईल.

म्हणून त्याने आधी पाहायचे. शक्य तर गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकायची. मग निरोप द्यायचा. आणि निरोपात ठरावीक गोष्टी आल्याच पाहिजेत. कोणती गाडी, कुठल्या किलोमीटरवर, किती डबे घसरले, शेजारचा रूळ मोकळा की अडलेला, जखमी अंदाजे किती, आग किंवा गॅसचा वास आहे का, आणि जागेवर यायला रस्ता कोणत्या गावातून आहे. ‘मोठा अपघात झाला, लवकर या’ हा निरोप नव्हे, ती नुसती आरोळी झाली.

निरोप नीट गेला की पुढची चाके फिरू लागतात. मोठ्या स्टेशनांत भोंगा होतो. चार लांब आणि एक आखूड भोंगा म्हणजे अपघात बाहेरगावी आहे आणि डॉक्टरांची गाडीही हवी आहे, हे ऐकणाऱ्या कामगाराला घरबसल्या कळते. डॉक्टर आणि औषधांची गाडी १५ ते २० मिनिटांत निघाली पाहिजे. क्रेन आणि अवजारांची गाडी दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटांत निघाली पाहिजे, असा दंडक आहे. कोकण रेल्वेवर डॉक्टरांच्या गाड्या रत्नागिरीला आणि गोव्यात वेर्ण्याला तयार असतात. पण निघणे वेगळे आणि पोहोचणे वेगळे. मधला वेळ ज्याच्या हाती आहे, तो जागेवरचा कारभारी.

दुसरी गाडी थांबवा

दुहेरी मार्गावर एक गाडी घसरली की तिचे डबे शेजारच्या रुळावर येण्याची भीती असते. बहानग्याला दुसरी गाडी त्याच क्षणी शेजारून जात होती, थांबवायला सवडच नव्हती. पण पुष्कळ वेळा पाच-दहा मिनिटांची सवड मिळते, आणि ती वाया जाऊ द्यायची नसते.

म्हणून गाडीतल्या कर्मचाऱ्यांच्या मनावर हे बिंबवलेले असते, की जखमींच्याही आधी शेजारचा रूळ राखायचा. ड्रायव्हर इंजिनावरचा उघडझाप करणारा पिवळा दिवा लावतो. समोरून येणाऱ्या ड्रायव्हरने तो दिसताच थांबायचे असते. कर्मचारी लाल झेंडी किंवा लाल दिवा घेऊन त्या रुळाने पुढे धावतो. ६०० मीटरवर एक फटाका रुळावर बसवतो आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने आणखी तीन. हे फटाके चाकाखाली फुटले की ड्रायव्हरला धोका कळतो. एवढे लांब का जायचे? वेगातली गाडी बैलगाडीसारखी कासरा ओढताच थांबत नाही. ब्रेक लावल्यावरही ती किलोमीटरभर धावू शकते.

इथे तुमच्या कामाची एक गोष्ट सांगतो. लाल झेंडी नसेल तर दिवसा दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच धरणे, हा रेल्वेच्या नियमातला ‘थांबा’ असा इशारा आहे. रात्री लाल दिवा नसेल तर पांढरा दिवा, अगदी साधी बॅटरीही, अंगासमोर आडवी जोरजोराने हलवायची. रुळावर दरड दिसली, रूळ तुटलेला दिसला किंवा फाटकात ट्रॅक्टर अडकला, तर हा इशारा रुळाच्या बाजूला उभे राहून, गाडी येण्याच्या दिशेने शक्य तितके पुढे जाऊन करायचा. ट्रॅक्टर वाचवण्याच्या नादात माणसे ट्रॉलीत बसवून ठेवायची नाहीत; आधी सगळ्यांनी उतरून लांब व्हायचे. ३ फेब्रुवारी २००५ ला नागपूर जिल्ह्यात कन्हानजवळ बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर वऱ्हाडाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला गाडीची धडक बसून पन्नासहून अधिक माणसे गेली होती. ब्रॉडगेज मार्गांवरची बिनपहाऱ्याची क्रॉसिंगे २०१९ पर्यंत बंद झाली. पण गाडी बंद पडायची ती फाटक असले तरी पडतेच.

डोक्यावरची तार

आता राज्यातल्या बहुतेक मार्गांवर विजेची गाडी धावते; कोकण रेल्वेचा सगळा मार्ग २०२२ पासून विजेचा आहे. तुमच्या विहिरीवरच्या मोटरीला सुमारे ४०० व्होल्टची वीज असते. रुळांवरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. एवढ्या दाबाची वीज माणसाने तारेला हात लावण्याची वाट पाहत नाही. फार जवळ गेले की हवेतून झेप घेते. तारेपासून किमान दोन मीटर दूर राहायचे, हा नियम आहे.

अपघातात खांब वाकतात, तारा तुटून डब्यांवर किंवा जमिनीवर पडतात. धावत आलेले लोक माणसे काढण्यासाठी डब्याच्या टपावर चढतात. कारभाऱ्याला शिकवलेले असते, की वीज बंद केल्याचा निरोप येऊन, जाणत्या कामगाराने तारेला जमिनीशी जोडून घेतल्याशिवाय टपावर कोणालाही चढू द्यायचे नाही. तार मेलेली दिसते म्हणून ती मेलेली असतेच असे नाही. तेव्हा त्याने ‘खाली उतरा’ म्हटले तर वाद घालू नका.

दुसरा न दिसणारा धोका म्हणजे टाक्यांची मालगाडी. पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस रेल्वेने जातो. अशी गाडी घसरली तर कारभारी वारा पाहतो आणि माणसांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब नेतो. तिथे विडी, काडी, मोबाइल, ट्रॅक्टरचे इंजिन, सगळे बंद. सांडलेले तेल डब्यांत, घागरींत भरून न्यायला कोणी धावू नये. फुकटचे दोन डबे तेल घराला महागात पडते.

ओरडणारा आणि गप्प असलेला

जखमी पुष्कळ आणि हात थोडे असतील तेव्हा कोणाला आधी उचलायचे? माणसाचा स्वभाव असा, की जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे तो आधी जातो. शिक्षणात याच्या उलट शिकवतात. जो ओरडतो आहे त्याचा श्वास चालू आहे. जो कोपऱ्यात गप्प पडला आहे, त्याच्याकडे आधी पाहा.

रीत अशी. कारभारी पहिली हाक मारतो, ‘ज्यांना चालता येते त्यांनी या झाडाखाली या.’ एका हाकेत निम्मी गर्दी बाजूला होते; त्यांच्या चिठ्ठीचा रंग हिरवा. उरलेल्यांत श्वास, रक्तस्राव आणि शुद्ध या तीन गोष्टी झरझर पाहायच्या. ताबडतोब हलवले तर वाचेल त्याला लाल चिठ्ठी, थोडा वेळ थांबू शकेल त्याला पिवळी, आणि ज्याचा प्राण गेला आहे त्याला काळी. एका जखमीवर अर्धा-एक मिनिटच. हे काम करणाऱ्याचे मन किती घट्ट असावे लागते, ते सांगायला नको. म्हणूनच त्याचा सराव खोट्या जखमा रंगवलेल्या माणसांवर पुन्हा पुन्हा करून घेतात.

पुढचा प्रश्न दवाखान्याचा. सगळे जखमी जवळच्या एकाच ग्रामीण रुग्णालयात नेऊन ओतले, तर तिथले दोन डॉक्टर काय करणार? म्हणून कोणती गाडी कुठे गेली, कोणाला घेऊन गेली, याची नोंद ठेवणारा माणूस कारभारी नेमतो. मागाहून दूरच्या गावाहून आपला माणूस शोधत आलेल्या आईबापांना त्या कागदाचाच आधार असतो.

डबे कापण्याचे कामही असेच धीराने करायचे असते. गॅसच्या कटरच्या ठिणगीने आत अडकलेल्या प्रवाशालाच आगीचा धोका होतो. म्हणून माणसे आत असतील तिथे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या कातऱ्या आणि पत्रा फाकवणारी अवजारे वापरतात. कुठे कापायचे, कुठे टेका द्यायचा, हे मोडीत काढलेले जुने डबे आडवे पाडून शिकवतात. शिकलेला कारभारी क्रेन आली म्हणून लगेच डबा उचलू देत नाही. आत जिवंत माणूस नाही, याची खात्री होईपर्यंत क्रेन थांबते.

एकाच राज्यातली दोन उदाहरणे

हुकूम असणे आणि नसणे यात किती अंतर आहे, ते आपल्याच राज्यातल्या दोन घटनांवरून कळेल.

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. चारी बाजूंना पाणी, आत सुमारे १,०५० प्रवासी, त्यांत नऊ गरोदर स्त्रिया. घाबरून उड्या टाकल्या असत्या तर किती वाहून गेले असते, त्याची कल्पनाच करवत नाही. रेल्वेने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, की गाडी सुरक्षित आहे, खाली उतरू नका. प्रवाशांनी ती ऐकली. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या होड्या आल्या, नौदल आले, डॉक्टर आले, स्थानिक लोक मदतीला आले आणि दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर पडले. पुढे त्यांना कोल्हापूरला नेण्यासाठी वेगळी गाडी सोडली.

२२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ माहेजी आणि परधाडे स्टेशनांच्या दरम्यान पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. कोणी साखळी ओढली, गाडी थांबली आणि लोकांनी शेजारच्या रुळावर उड्या घेतल्या. त्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस येत होती. किमान बारा जीव गेले. गाडीला काहीच झाले नव्हते. अफवा वाऱ्यासारखी पसरते. तिच्यापुढे उभा राहणारा एक शांत, ठाम आवाज त्या दोन मिनिटांत डब्यात नव्हता. तो आवाज शिकवून तयार करावा लागतो, आणि प्रवाशांनीही त्याला ओळखावे लागते. गाडीने प्रवास करताना तुम्ही मुलाबाळांना एवढे बजावून ठेवा : गाडी मध्येच थांबली तर शेजारच्या रुळाच्या बाजूने उतरायचे नाही.

सरावाचे मोल

पुस्तकातले नियम संकटात आठवत नाहीत, सवय तेवढी आठवते. म्हणून मदत गाडीचा भोंगा मधूनच, आधी न सांगता वाजवतात आणि गाडी किती मिनिटांत निघाली ते घड्याळ लावून पाहतात. प्रत्येक विभागात वर्षातून एकदा तरी पूर्ण अपघाताचे नाटक उभे करायचे असते. त्यात आपत्ती दल, पोलिस, दवाखाने सगळे सामील होतात. अधिकाऱ्यांना टेबलावर नकाशा मांडून प्रश्न घालतात : पाऊस पडतो आहे, रात्रीचे दोन वाजले आहेत, रस्ता चिखलाचा आहे, दोनशे गावकरी जमले आहेत, पहिले पाच हुकूम सांगा.

यातला शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. गावकऱ्यांना हाकलून लावायचे, हा चांगल्या कारभाऱ्याचा हुकूम नसतो. त्यांच्यातला जाणता माणूस हेरून त्याच्या हाती काम द्यायचे. कारण रस्ता, विहीर, पूल, ओढ्याचा उतार हे गावाला जेवढे ठाऊक, तेवढे कोणत्याही साहेबाला ठाऊक नसते.

आपल्या गावाने काय करावे?

तुमच्या शिवारातून रेल्वे जात असेल, तर पुढील गोष्टी गावात बोलून ठेवा.

पहिली गोष्ट, खांबाचा क्रमांक. विजेच्या मार्गावर प्रत्येक खांबावर आकडे रंगवलेले असतात. वरचा आकडा किलोमीटरचा आणि खालचा त्या किलोमीटरातल्या खांबाचा. १२३ आणि खाली १४ असे दिसले, तर १२३ व्या किलोमीटरातला १४ वा खांब. ‘अमक्याच्या मळ्याजवळ’ हे कंट्रोलच्या साहेबाला कळत नाही. खांबाचा क्रमांक सांगितला की जागा क्षणात कळते. रुळ न ओलांडता, बांधावरूनच आपल्या शेतासमोरचा क्रमांक वाचून घरात लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, फोन. रेल्वेसाठी १३९, सर्व संकटांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७. जवळच्या फाटकवाल्याला किंवा स्टेशनमास्तरांना कळवले तर आणखी लवकर काम होते.

तिसरी गोष्ट, रस्ता. अपघात पाहायला मोटरसायकली आणि ट्रॅक्टर येतात आणि एकाच पाणंदीत अडकून पडतात. मागे रुग्णवाहिका उभी राहते. गावातल्या दोन पोक्त माणसांनी पहिल्या क्षणापासून रस्त्याच्या तोंडावर उभे राहावे. आत जायची वाट एक, बाहेर पडायची दुसरी. रात्र असेल तर कारभाऱ्याला विचारून दोन-चार ट्रॅक्टर लांब उभे करून त्यांच्या दिव्यांचा उजेड द्यावा.

चौथी गोष्ट, उचलणे. हातपाय धरून लोंबकळत नेल्याने मोडलेला मणका कायमचा जायबंदी होतो. दार, फळी किंवा बाज आणा. डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून उचला. आग किंवा पाण्याचा धोका नसेल तर जबर जखमीला डॉक्टर येईपर्यंत हलवू नका. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. जबर जखमीला पाणी पाजू नका; शस्त्रक्रिया करायची झाल्यास ते घातक ठरते. पाणी, चहा, घोंगडी ही चालत्याबोलत्या प्रवाशांना द्या. घरातल्या बायांनी भेदरलेल्या लेकरांना जवळ घेऊन एका जागी बसवले, त्यांची नावे विचारून लिहून घेतली, तर तेही मोठे काम आहे.

पाचवी गोष्ट, काही उचलू नका. सामान पोलिसांच्या हवाली करा. तुटलेला बोल्ट, रुळाचा तुकडा, पट्टी जिथे पडली तिथेच राहू द्या. अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. ते रेल्वे खात्याच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली असतात, ते चौकशी निष्पक्ष व्हावी म्हणूनच. त्यांना तो तुकडाच साक्ष देतो. त्या साक्षीवरून पुढचा अपघात टळतो.

आणि शेवटची गोष्ट. गावातल्या धडधाकट मुलामुलींना हे शिक्षण घेता येते. ‘आपदा मित्र’ या सरकारी योजनेत गावपातळीवरच्या स्वयंसेवकांना शिक्षण देतात. शोध, सुटका, प्रथमोपचार सगळे त्यात येते. आपल्या जिल्ह्यात त्याचा पुढचा वर्ग कधी आहे, याची चौकशी जिल्हाधिकारी कचेरीतल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात करा. पूर असो, दरड असो की बस दरीत जावो, तेच शिक्षण कामाला येते.

पुढच्या ग्रामसभेत पाणी आणि रस्त्याच्या विषयांबरोबर हा विषयही मांडा. प्रसंग आलाच तर गावातर्फे कारभाऱ्यापुढे कोणी उभे राहायचे आणि ‘साहेब, आम्ही एवढी माणसे आहोत, काय करू सांगा’ असे कोणी म्हणायचे, ती दोन नावे त्याच बैठकीत ठरवून टाका.